तेलाचा डाग आणि पेट्रोलची बाटली

दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करणारा तिशीतला एक तरुण ओपीडीत आला होता. दोन्ही मांड्यांवर पुढच्या बाजूला काळ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या आणि मधूनच एखादा पिकलेला फोड. मधुमेह नव्हता. आधी दोन ठिकाणी अँटिबायोटिकचे कोर्स झाले होते. गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. त्याची पँट पाहिली तर गुडघ्यापर्यंत ऑइल मुरून कडक झालेली, आणि उजव्या खिशात हात पुसायचे काळे फडके.

"कपडे किती दिवसांनी धुता?"

"रविवारी, मॅडम. रोज धुऊन काय उपयोग, डाग जातच नाहीत."

सोबत आलेली बायको म्हणाली, "मी पेट्रोलमध्ये बुडवून ठेवते, तेव्हा कुठं जरा निघतंय." कुठे बुडवता, असे विचारल्यावर कळले की मोरीत. आणि मोरी स्वयंपाकघरातच, गॅसच्या शेगडीपासून चार पावलांवर.

पुटकुळ्यांचे औषध दोन ओळींत लिहून झाले. उरलेला वेळ त्या मोरीवर बोलण्यात गेला. बाहेरची रांग वाढत होती, सिस्टर दोनदा डोकावून गेल्या, पण त्या घरात त्वचेपेक्षा मोठा धोका त्या पातेल्यात होता. तेलकट डाग काढणे हे घरकामाच्या सदरातले वाटते. पण डाग काढण्याच्या नादात भाजलेली, गुदमरलेली, डोळ्यांत काहीतरी उडालेली माणसे शेवटी आमच्याकडेच येतात. म्हणून आज थोडे धुण्याविषयी.

डाग म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. पांढऱ्या सुती कापडावर तेलाचा थेंब पडला की ती जागा गडद दिसते. वास्तविक गोड्या तेलाला स्वतःचा रंग फारसा नसतो. कापड पांढरे दिसते ते धाग्यांच्या मधे अडकलेल्या हवेमुळे. धागा आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो, विखुरतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. तेलाने ती हवा हुसकावून लावली की प्रकाशाचे हे विखुरणे कमी होते आणि तो आरपार जातो. वडे बांधून आणलेला कागद पारदर्शक होतो, तोही असाच. पाण्यानेही कापड गडद दिसते, पण पाणी उडून जाते. तेल उडत नाही, ते धाग्याला धरून बसते.

नुसत्या पाण्याने ते निघत नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तेलाला आपल्यात शिरू देत नाहीत. साबणाचे किंवा डिटर्जंटचे काम इथे सुरू होते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेणारे, तर लांब शेपटी तेलाशी जमवून घेणारी. अशा असंख्य शेपट्या तेलात घुसतात, तेलाचा थर धाग्यावरून उचलतात, त्याचे बारीक गोळे करतात आणि प्रत्येक गोळ्याभोवती कडे करून त्याला पाण्यात तरंगत ठेवतात. खळबळून टाकलेल्या पाण्याबरोबर ते गोळे निघून जातात. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: पुरेसा साबण, थोडी ऊब आणि वेळ. बहुतेक घरांत कमी पडतो तो वेळ. डागावर साबण लावून लगेच घासायला घेतले जाते, दोन मिनिटांत "जात नाही" असा निकाल लागतो आणि मग पेट्रोलची बाटली आठवते.

पेट्रोलने डाग जातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तेल आणि पेट्रोल एकाच कुळातले, त्यामुळे एक दुसऱ्यात सहज विरघळते. पूर्वी आपल्याकडच्या लाँड्र्यांवर 'पेट्रोल वॉश'च्या पाट्या असत, त्या याच तत्त्वावर. पण लाँड्रीवाला कपडा भरपूर द्रावकात घोळतो आणि विरघळलेल्या तेलासकट ते द्रावक कपड्यातून काढून घेतो. घरी आपण काय करतो? कपभर पेट्रोल ओतून चोळतो. तेल विरघळते, कापडातच पसरते, पेट्रोल उडून जाते आणि तेल मागे राहते. म्हणूनच घरी पेट्रोल लावलेल्या कपड्यावर मूळ डागाच्या भोवती मोठे वलय दिसते. जीव धोक्यात घालून जे मिळते ते एवढेच.

धोका किती आहे याचा अंदाज आकड्यांवरून येईल. पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच तयार होऊ लागते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने, रात्री, पावसाळ्यात, केव्हाही. हवेत शंभर भागांत जेमतेम दीड भाग वाफ झाली तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. खोलीच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरभोवती साचते. भाजून आलेली माणसे हमखास सांगतात, "शेगडी लांब होती हो." शेगडी लांबच असते, वाफ तिच्यापर्यंत चालत जाते. शिवाय ज्योतच लागते असेही नाही. फ्रिजचे आपोआप चालू-बंद होणे, पंख्याचे बटण, टेरिकॉटचा कपडा जोराने घासताना होणारी विजेची बारीकशी ठिणगी, यांतले काहीही पुरते. पेट्रोलने ओला झालेला कपडा धुण्याच्या यंत्रात टाकणे तर त्याहून वाईट. बंद पिंपात वाफ, आणि खाली मोटर.

रॉकेल त्या मानाने सौम्य समजले जाते. त्याची पेट घेण्याजोगी वाफ ३५ ते ४० अंशांच्या पुढे तयार होते. पण मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर. तेव्हा तिथल्या दुपारी रॉकेलही पेट्रोलच्या वाटेने जाऊ लागते. टर्पेंटाइनच्या बाबतही हेच.

कपड्याने पेट घेतलाच तर पळू नये, वाऱ्याने आग भडकते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, आसपासच्यांनी जाड सुती चादर किंवा गोधडी टाकावी. आग विझल्यावर भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ, यांतले काहीही लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. मग रुग्णालय गाठावे.

आग लागली नाही म्हणून सुटलो, असेही नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. आपल्याकडच्या सध्याच्या मानकांप्रमाणे ते एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते. बेंझीन दीर्घकाळ शरीरात जात राहिले तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे पक्के सिद्ध झालेले आहे. आठवड्यातून एकदा कपडा बुडवणाऱ्या गृहिणीला तो होईलच, असे मी म्हणणार नाही. पण तिचा नवरा रोज संध्याकाळी त्याच पेट्रोलने कोपरापर्यंत हात धुतो, वर्षानुवर्षे, त्याचे काय? सन २००० पर्यंत तर आपल्या पेट्रोलमध्ये शिसेही असे. शिवाय पेट्रोल आणि रॉकेल त्वचेवरचा नैसर्गिक तेलाचा थर धुऊन काढतात, कातडी कोरडी पडते, भेगाळते. रॉकेलने भिजलेला कपडा अंगावर तसाच राहिला तर काही तासांत खाली फोड येतात, अगदी भाजल्यासारखे.

घरगुती डाग काढण्याच्या औषधाने माणसे दगावल्याचा एक जुना धडा आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य पेट घेत नाही, उलट पूर्वी ते आग विझवायला वापरत. तेल मात्र झटक्यात विरघळवते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत ते डाग काढण्यासाठी बाटल्यांतून घरोघरी विकले जाई. ते यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करते, आणि दारू पिणाऱ्यात तर फार झपाट्याने. बंद खोलीत गालिचा किंवा सूट साफ करत बसलेली माणसे दोन-चार दिवसांनी कावीळ होऊन, लघवी बंद होऊन रुग्णालयात येत. अमेरिकेने १९७० मध्ये घरगुती वापराच्या वस्तूंत त्याला बंदी केली. रसायनाने पेशी कशी मरते हे शिकवताना आजही वैद्यकीय महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला याच द्रव्याचे उदाहरण देतात. विद्यार्थी ते मुक्त मूलकांची साखळी म्हणून पाठ करतात. ते कपड्याच्या डागापायी आले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता लहान मुलांबद्दल, कारण यात सर्वांत निष्पाप बळी त्यांचा जातो. उज्ज्वला योजनेनंतर रॉकेलचा डबा पुष्कळ घरांतून गेला. पण डागासाठी, रंगाच्या ब्रशसाठी, सायकलच्या साखळीसाठी म्हणून थोडेसे रॉकेल किंवा थिनर ठेवलेले असते, आणि तेही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. दोन वर्षांच्या मुलाला बाटली म्हणजे पाणी. ते एक घोट घेते, जळजळते, ठसका लागतो आणि त्या ठसक्याबरोबर रॉकेल श्वासनलिकेत उतरते. रॉकेल पाण्यापेक्षा पातळ पसरते, फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत झरझर जाते आणि तिथे रासायनिक न्यूमोनिया होतो. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा फुप्फुसात गेलेले चमचाभर अधिक घातक.

म्हणून उलटी करवू नका. बोट घालून नाही, मिठाचे पाणी देऊन नाही, काहीही करून नाही. घशातून वर येताना ते पुन्हा फुप्फुसात जाण्याची संधी मिळते. दूध, ताक, केळे, तेल काही देऊ नका. अंगावर सांडलेले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि मूल हसत-खेळत असले तरी रुग्णालयात न्या. धाप काही तासांनी लागू शकते, आम्ही किमान सहा तास तरी देखरेखीखाली ठेवतो. सोबत ती बाटलीही आणा. आमच्या तरुण डॉक्टरांना मी सांगते की नातेवाईक "पोट धुऊन काढा" म्हणून कितीही आग्रह करोत, अशा मुलाच्या पोटात सहसा नळी घालायची नसते.

इतके वाचल्यावर कोणीही विचारेल, मग डाग काढायचा कसा? सांगते. आणि हे सगळे सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते.

डाग ताजा असेल तर चोळू नका. टिपकागद किंवा सुती फडके वरून दाबून जितके तेल निघेल तितके टिपून घ्या. त्यावर टाल्कम पावडर, खडूची भुकटी किंवा मक्याचे पीठ जाडसर पसरा आणि अर्धा तास विसरून जा. बेसन चालते, पण सुती पांढऱ्या कपड्यावर त्याचा पिवळा रंग राहतो असा माझा अनुभव आहे. भुकटीच्या कणांमधल्या बारीक फटी तेल ओढून घेतात. मग ती झटकून टाका. एवढ्यानेच ताज्या डागाचे पुष्कळ काम होते.

पुढची पायरी कपडा कोरडा असतानाच करायची आहे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. आधी पाण्यात बुडवून मग साबण लावला तर साबण पातळ होतो. कोरड्या डागावर भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब तसेच टाका, पाणी न घालता. कपड्याच्या पावडरीपेक्षा भांड्यांचा साबण का? कारण तो मुळात खरकट्याचे तेल-तूप सोडवण्यासाठीच बनवलेला असतो. डागाखाली जुन्या कापडाची घडी ठेवा. जुन्या मऊ टूथब्रशने कडेकडून मध्याकडे हलकेच फिरवा, म्हणजे डाग पसरत नाही. मग पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवा. त्यानंतर हाताला सोसेल इतक्या कोमट, म्हणजे साधारण ४० अंशांच्या पाण्यात धुवा.

उकळते पाणी नको. हल्लीच्या धुण्याच्या पावडरींत चरबी तोडणारे लायपेज नावाचे विकर असते. आपल्या स्वादुपिंडातून पाझरणारे लायपेज पोटात करते तेच काम ते बादलीत करते. उकळत्या पाण्यात ते निकामी होते. कोमट पाण्यात त्याला तासभर मिळाला तर ते मुकाट्याने काम करत राहते. (ज्यांच्या पोटाच्या दुखण्यात आम्ही रक्तातले लायपेज तपासायला सांगतो, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल.)

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डाग गेला की नाही हे ओल्या कपड्यावर कळत नाही. ओलेपणी सगळेच कापड सारखे गडद दिसते. सावलीत वाळवून पाहा. डाग उरला असेल तर हेच सगळे पुन्हा एकदा. खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तेल धाग्यात खोल मुरते आणि त्याचे रूपही बदलते. सूर्यफूल, करडई, जवस यांच्या तेलांतले असंतृप्त रेणू हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांना जोडले जातात आणि पिवळसर, चिवट पापुद्रा तयार होतो. कढईच्या बाहेरच्या बाजूला चिकट राप बसतो, तो हाच. महिनाभर कपाटात राहिलेला डाग साबणाला दाद देत नाही त्याचे कारण हे. खोबरेल तेलात संतृप्त आम्ले जास्त, म्हणून ते असे सुकत नाही. केसांच्या तेलाचा उशीच्या अभ्र्यावरचा डाग त्या मानाने लवकर सुटतो. जाता जाता एक सांगायला हवे. हे जोडले जाणे उष्णता बाहेर टाकते. लाकडाला जवसाचे तेल चोळलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकला तर ती उष्णता आत कोंडून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. अशी फडकी पसरून वाळवावीत.

रश्श्याचा डाग म्हणजे दोन डाग एकात: तेल आणि हळद. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. त्यामुळे आधी तेल काढा, त्याबरोबर पुष्कळसा रंगही निघतो. साबण लावताच डाग लाल होतो तेव्हा घाबरू नका. तो हळदीचा जुना खेळ आहे, आपण त्याच खेळातून कुंकू करत आलो. साबणाचा अल्कधर्म धुऊन निघाला की तो परत पिवळा होतो. उरलेल्या पिवळेपणाला ऊन हे उत्तम औषध. तेल पूर्ण निघाल्यावर कपडा ओला असताना कडक उन्हात टाका, एक-दोन दुपारींत रंग उडतो. ब्लीच लागतच नाही. ब्लीच तेल काढत नाही, फक्त रंग मारते. त्यात "जोर यावा" म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे अ‍ॅसिड मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघराचे दार लावून हा प्रयोग केलेली माणसे धाप लागून, शिट्टीसारखा श्वास घेत कॅज्युअल्टीत येतात. कॉस्टिक सोडाही घरात आणू नका. त्याचा एक शिंतोडा डोळ्याचे बुबुळ पांढरे करू शकतो.

कापडाप्रमाणे फरक पडतो. सूत पाण्याला जवळ करते, म्हणून सुती कपडा तेल लवकर सोडतो. पॉलिएस्टर स्वतःच तेलाच्या कुळातले, ते पाण्यापेक्षा तेलाशी जास्त सलगी करते. टेरिकॉटच्या शर्टची कॉलर दहा धुण्यांनंतरही तेलकट राहते यात धुणाऱ्या बाईचा दोष नसतो. बोअरचे पाणी असेल तिथे आणखी एक अडचण येते. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गट्टी जमून पांढरट साका बसतो आणि साबण वाया जातो. अशा पाण्यात साध्या साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरे, किंवा बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा. मात्र रेशमाला आणि लोकरीला सोडा, गरम पाणी आणि विकराची पावडर तिन्ही वर्ज्य. ते प्राणिज धागे आहेत, प्रथिने तोडणारी विकरे त्यांनाही खातात. साध्या रेशमी कपड्याला रिठ्याचे पाणी चांगले. रिठ्यातला फेस सौम्य असतो, गॅरेजच्या ऑइलपुढे मात्र तो हात टेकतो.

त्या ऑइलकडे आणि ग्रीसकडे वळू. ग्रीस म्हणजे खनिज तेल घट्ट धरून ठेवण्यासाठी त्यात एक प्रकारचा साबणच मिसळलेला असतो, बहुधा लिथियमचा, आणि गंमत म्हणजे तो एरंडेल तेलापासून बनवतात. पण तो पाण्यात न विरघळणारा साबण. काळा रंग येतो काजळी आणि धातूच्या चुऱ्याचा. म्हणून आधी बोथट सुरीने किंवा जुन्या कार्डाने वरचा थर खरवडून काढा. मग चमचाभर गोडे तेल किंवा खोबरेल डागावर चोळा. हो, डागावर तेलच. पेट्रोल जे करते तेच खाण्याचे तेलही करते, घट्ट ग्रीसला आपल्यात विरघळवून मऊ करते, फक्त भडका उडवत नाही. दहा मिनिटांनी फडक्याने पुसा, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे भांड्यांचा साबण, वेळ, कोमट पाणी. दोन-तीनदा करावे लागेल. काजळीची फिकट सावली तरी उरेल, उरू द्या. कामाच्या कपड्यावरून तेल जायला हवे, सावली राहिली तरी बिघडत नाही. हात धुण्यासाठीही हीच रीत: आधी थोडे खोबरेल, मग साबण. पेट्रोल नाही, आणि लाकडाच्या भुशाने खसाखसा घासणेही नाही.

तेल जायला हवे हे इतके का, हे गिरण्यांच्या इतिहासात लिहिलेले आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो हे नोंदवले. काजळी कपड्यांत आणि कातडीच्या घड्यांत वर्षानुवर्षे साचून राहत असे. पुढे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत तोच आजार 'म्यूल' नावाच्या सूतकताईच्या यंत्रावरच्या कामगारांत दिसू लागला. तिथे काजळी नव्हती, यंत्राच्या चात्यांना घालायचे खनिज तेल होते. कामगार दिवसभर यंत्रावर वाकून काम करत, तेलाचे तुषार पँटवर बसत आणि मांड्यांच्या सांध्यापाशी कापड कायम भिजलेले राही. १९२६ मध्ये सरकारी समितीने यावर अहवाल दिला. तेल कोणते वापरावे आणि कामगारांची नियमित तपासणी कशी व्हावी याचे खास नियम यायला मात्र १९५३ उजाडले. आजची इंजिन ऑइल्स त्या काळच्या तेलांपेक्षा पुष्कळ शुद्ध केलेली असतात. पण इंजिनात जळून काळे झालेले ऑइल वेगळे, त्यात कर्करोगकारक घटक तयार झालेले असतात. गॅरेजवाल्याच्या कपड्यांवर मुख्यतः तेच असते.

मांडीवरच्या पुटकुळ्या म्हणजे कर्करोग नव्हे, हे लगेच सांगते. तेलाने केसांची मुळे बुजतात, सुजतात आणि तिथे जंतू शिरले की फोड होतात. त्यावरचा खरा इलाज म्हणजे तेलाचा कातडीशी संबंध तोडणे. त्या तरुणाला तीन गोष्टी सांगितल्या. खिशातले फडके आधी फेका, खिशात तेलाचे काहीच ठेवायचे नाही. कामाच्या दोन पँटी ठेवा आणि रोज बदला, डाग दिसो वा न दिसो. घरी यायच्या आधी कपडे बदला, आणि ते घरच्या, विशेषतः लेकराच्या कपड्यांत न मिसळता वेगळ्या बादलीत धुवा. महिन्याने तो दाखवायला आला तेव्हा अँटिबायोटिकविना फोड बसले होते. पन्नाशीपुढच्या मेस्त्रींना मी आणखी एक सांगते. जांघेत किंवा वृषणाच्या कातडीवर महिनाभर न भरणारी जखम किंवा चामखीळ दिसली तर लाजू नका, दाखवा.

धुणाऱ्या बाईच्या हातांचेही एक प्रकरण आहेच. सोडा असलेली पावडर आणि कोमट पाणी बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची कातडी सोलून काढते. हातमोजे मिळाले तर उत्तम, नाहीतर काम संपताच हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. अंगठी आधी काढावी.

व्हॅसलीनवरून आठवले. सोरायसिस, इसब यांच्या रुग्णांना आम्ही अंगभर मलम लावायला सांगतो. ते मलम कपड्यांत, चादरीत मुरते. तसे कापड वाळल्यावर साध्या कापडापेक्षा फार लवकर पेट घेते. ब्रिटनमध्ये यामुळे मृत्यू झाल्यानंतर तिथल्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये सर्वच त्वचा मऊ ठेवणाऱ्या मलमांबाबत इशारा दिला. मलमात पॅराफिन असो वा नसो. वारंवार धुतल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. मलम सोडायचे नाही. आपल्या घरात मात्र अशा आजोबांची विडी, देवापुढचे निरांजन आणि गॅसवर वाकून उतरवलेले दूध, या तीन ठिकाणी घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि अंथरूण-पांघरूण वरचेवर धुवावे.

राहिली पैठणी. लग्नाच्या पंगतीत जरीच्या काठावर वरण-तूप सांडले तर पाणी लावू नका, वरून पावडर टाका आणि कपडा ड्रायक्लीनिंगला द्या. डाग कुठे आणि कशाचा आहे ते सांगा, अंदाजाने धुवायला लावू नका. आज ड्रायक्लीनिंगमध्ये पेट्रोल वापरत नाहीत. त्याच्या जागी जगभर पसरलेले परक्लोरोइथिलीन पेट घेत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत थांबवायचे ठरवले. तो धोका मुख्यतः दुकानात काम करणाऱ्यांचा. आपण एवढे करावे, की घरी आणलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिवसभर गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी सावलीत टांगावा. वास गेला की मगच कपाटात.